उघडे तरी ठेवा, नाहीतर घट्ट बंद करा
माथेरानच्या घरातली झोपायची खोली आणि कपाटे स्वतः नव्याने करताना

नवरात्राच्या साफसफाईला माथेरानच्या घरातले कपाट उघडले की आधी कुबट वास येतो, मग वस्तू दिसतात. चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव आलेली असते. काळ्या कोटाच्या कॉलरवर पांढरे ठिपके पडलेले असतात आणि लग्नाच्या अल्बमची पाने एकमेकांना चिकटलेली असतात. कपाट दोनच वर्षांपूर्वीचे, दाराचा सनमायका कोरा करकरीत. पण मागची पाठ बोटाने दाबली की भिजलेल्या बिस्किटासारखी आत जाते. मालक सुताराला नावे ठेवतो, सुतार प्लायला ठेवतो, आणि दिवाळीनंतर तेच कपाट त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा उभे राहते.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच. वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात, म्हणजे मुंबईच्या दुपटीहून अधिक. जून ते सप्टेंबर ढग खिडकीतून आत येऊन पलंगावर बसतात म्हटले तरी चालेल. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर आले आणि त्यानंतर इथे बंगले उभे राहू लागले. ते बांधणाऱ्यांना ही हवा समजली होती. म्हणून जुन्या घरांना चारी बाजूंनी व्हरांडा आहे, छत उंच आहे आणि खिडकीच्या वर हवेसाठी झरोका आहे. पुढे आपण व्हरांड्याला काचा लावल्या, छताखाली फॉल्स सीलिंग घेतले, झरोके बुजवले आणि भिंतभर कपाट ठोकले. शहरातल्या फ्लॅटमध्ये जे शोभते ते इथे सडते.

या लेखातला एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे. ओल्या हवेच्या गावात वस्तू ठेवायच्या दोनच रीती आहेत: एक तर हवा खेळेल अशा उघड्या, नाहीतर कोरड्या करून घट्ट बंद. अर्धवट बंद कपाटात ओल आत शिरते आणि बाहेर पडत नाही. आपली बहुतेक कपाटे नेमकी अशीच असतात.

काम कधी काढावे

पावसाळ्यात फक्त पाहायचे. कुठली भिंत आधी गार लागते, कुठे पोपडे उठतात, झड कोणत्या बाजूने येते, छताच्या कोणत्या वाशाखाली डाग वाढतो, हे सगळे वहीत लिहून ठेवा. खोलीचा साधा नकाशा काढा आणि पेन्सिलीने डाग रंगवा. हा कागद पुढे मोजपट्टीइतकाच उपयोगी पडतो.

पाऊस थांबला म्हणून लगेच रंग काढू नका. जांभ्याची भिंत चार महिने पाणी पिते आणि ते हळूहळू सोडते. दिवाळीचे दिवस पर्यटकांचे. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांना तेव्हा फुरसतही नसते. छताची, पन्हळीची दुरुस्ती नोव्हेंबरात करावी, गिलावा डिसेंबरात, आणि रंग व सुतारकाम जानेवारी ते मार्च. एप्रिलपासून पुन्हा गर्दी. मेअखेर कपाट भरून तयार हवे, कारण पावसाळ्यापूर्वी कपडे वाळवून आत ठेवायचे असतात.

सामान वर येते कसे

दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. नेरळहून टेम्पो घाट चढून दस्तुरीपर्यंत येतो. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर. ही वाट सामान घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून नाहीतर माणसाच्या डोक्यावरून कापते. अमन लॉज ते माथेरान या छोट्या रेल्वेच्या शटलमधून लहानसहान पार्सले येतात, पण लांब फळ्यांचे काय ते आधी स्थानकावर विचारून घ्यावे.

म्हणून माथेरानात सुतारकामाचा हिशेब वजनापासून सुरू होतो. प्लायचा पूर्ण पत्रा ८ बाय ४ फुटांचा असतो. १८ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे वजन साधारण ३० ते ४० किलो भरते. तो वळणावर घोड्याला पेलत नाही, वाऱ्यात शिडासारखा फिरतो आणि त्याचे कोपरे दगडाला लागून फुटतात. पत्रे नेरळला किंवा कर्जतला दुकानातच कापून घ्या. यंत्रावर कड सरळ येते, भुसा खालीच राहतो आणि वर येतात ते हाताळता येतील असे तुकडे. त्यासाठी मापे आधीच पक्की हवीत. विसरलेल्या एका फळीसाठी पुन्हा नेरळ गाठायचे म्हणजे अख्खा दिवस जातो.

घोडेवाल्याशी किंवा हमालाशी बोलताना नगांची संख्या, सर्वांत लांब तुकड्याचे माप आणि घरापर्यंतच्या पायऱ्या आधी सांगा. भाडे तेव्हाच ठरवा. परतीच्या फेरीत राडारोडा खाली न्यायचा का, हेही त्याच बोलण्यात उरकून घ्या.

ओल कुठून येते ते आधी शोधा

खोलीत ओल तीन वाटांनी येते. वरून आली तर ती छताची: फुटके कौल, सरकलेला पत्रा, पानांनी तुंबलेली पन्हळ. बाजूने आली तर झडीची. तिचा डाग खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि पश्चिमेच्या भिंतीवर दिसतो. खालून आली तर ती जमिनीतून भिंतीत चढलेली. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत गिलावा फुगतो, पांढरा क्षार उमटतो. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो.

शंका असेल तर एक सोपी चाचणी करा. फूटभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक दिवसाने पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर भिंत ओली आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर भिंत बिचारी निर्दोष. खोलीतली हवाच ओली आहे. पहिल्या प्रकाराला छत, पन्हळ आणि बाहेरची जमीन सुधारावी लागते, दुसऱ्याला वारा लागतो. दोन्हींवर एकच वॉटरप्रूफ रंग फासणे म्हणजे तापावर पावडर लावणे.

बाहेरच्या बाजूला एक फेरी माराच. वर्षानुवर्षे पालापाचोळा आणि तांबडी माती भिंतीला टेकून चढत जाते आणि जोत्याची उंची कमी होते. भिंतीलगतची माती सहा इंच खाली काढली आणि पाण्याला उतार करून दिला, तरी कित्येक खोल्यांची निम्मी ओल जाते. त्या कामाला कुदळ आणि एक रविवार पुरतो.

भिंत: चुन्याला चुना

जुन्या घराच्या भिंती जांभ्याच्या, सांधे चुन्याचे आणि गिलावाही चुन्याचा असतो. ही भिंत श्वास घेते. आत गेलेले पाणी पृष्ठभागावरून उडून जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाण्याची वाट बंद होते. पाणी मग आतल्या आत वर चढते आणि सिमेंट जिथे संपते तिथे फुटते. म्हणून जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा घ्यावा. नव्या विटांच्या आणि सिमेंटच्या खोलीत हा प्रश्न नसतो. तिथे सिमेंट चालते.

खरवडण्याआधी दोन सावधगिरी. खिडक्यादारांवरचा जुना तेलरंग शिशाचा असू शकतो. घरगुती रंगात शिसे दहा लाखात ९० भागांपेक्षा जास्त नसावे हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांची खात्री नाही. असा रंग कोरडा घासू नका. पाणी मारून ओल्या पॉलिश पेपरने घासा, तोंडावर चांगला मास्क बांधा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका आणि चिखल पिशवीत भरा. दुसरे, छताला किंवा पडवीला जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कापू नका, त्यांना भोके पाडू नका.

बुरशी दिसली तर कोरड्या फडक्याने झटकू नका. तिची पूड खोलीभर उडते. साबणाच्या पाण्याने पुसा, वाळू द्या. मग पाण्यात थोडे ब्लीच घालून फिरवा आणि खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियाचे काही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो.

फुगलेला गिलावा बोटाच्या पेराने वाजवून पाहा. पोकळ आवाज येतो तेवढा सगळा काढा आणि त्याभोवतीचा वीतभर जादा. लोणा ब्रशने कोरडाच झाडावा. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा भिंतीत जातो. नवा गिलावा पातळ थरांनी द्या आणि एक थर घट्ट झाल्यावरच दुसरा लावा.

रंगासाठी चुन्याची सफेदी स्वस्त आणि या हवेला मानवणारी. चुनकळी घरी विझवण्याच्या भानगडीत पडू नका. ती पाण्यात उकळते, उडते आणि डोळ्यांत गेली तर दृष्टीवर बेतते. विझवलेला चुना तयार आणा, पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, फडक्यातून गाळा आणि भिजवलेला डिंक थोडा मिसळा. तेव्हाही चष्मा आणि हातमोजे हवेतच. भिंत पाण्याने ओलसर करून घ्या आणि दुधासारखे पातळ तीन हात द्या. पहिला हात दिल्यावर काहीच लागले नाही असे वाटते. घाबरू नका, चुना वाळल्यावरच पांढरा होतो. जाड हात दिला की तो पिठासारखा कपड्यांना लागतो. त्याच कारणाने उशाच्या मागे पलंगाच्या उंचीची लाकडी पट्टी लावावी किंवा चटई टांगावी.

इमल्शन रंगच हवा असेल तर भिंत पूर्ण वाळल्यावरच लावा. हिशेब सोपा आहे. १२ बाय १० फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट, उंची १० फूट, म्हणजे ४४० चौरस फूट. त्यातून एक दार आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या, असे सुमारे ५३ वजा करा. उरले ३८७. एका लिटरात एका हाताला शंभर-सव्वाशे चौरस फूट धरले तर दोन हातांना सहा ते आठ लिटर लागतात. आठ लिटर आणा. उरलेला रंग पुढच्या वर्षीच्या डागांना कामी येतो.

विजेला हात लावू नका

ओल्या भिंतीत गेलेली जुनी वायर हा घरच्या घरी करण्याचा विषय नाही. परवानाधारक वायरमनकडून वायर तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती होताच तो पुरवठा तोडतो. कपाटाच्या जागेमागे सॉकेट येत असेल तर आधी हलवा. भिंतीत भोक पाडताना मेन स्विच बंद असावा आणि ड्रिलला वीज दुसऱ्या, कोरड्या खोलीतून घ्यावी. बल्ब लावून कपाट उबदार ठेवण्याची जुनी रीत अनेक घरांत आहे. बल्बला कापड टेकले की आग लागते. ती रीत आता सोडलेली बरी.

कपाट: दोन पत्र्यांत

बाजारात तयार मिळणारी बहुतेक स्वस्त कपाटे पार्टिकल बोर्डाची किंवा एमडीएफची असतात. ती पाणी पिऊन फुगतात आणि फुगलेली पुन्हा बसत नाहीत. प्लाय घ्यायचा तर साधा एमआर नको. बीडब्ल्यूआर (मानक आयएस ३०३) किंवा मरीन (आयएस ७१०) घ्या. शिक्का पत्र्यावरच छापलेला असतो, तो वाचूनच पैसे द्या.

४ फूट रुंद, ६ फूट उंच आणि २२ इंच खोल असे दोन दारांचे कपाट १८ मिलिमीटरच्या दोनच पत्र्यांत बसते. कापण्याचा क्रम असा:

पहिला पत्रा ७२ इंचांवर आडवा कापा. ७२ इंचांच्या भागातून २२ इंच रुंदीच्या दोन उभ्या बाजू काढा. साडेतीन इंचांची पट्टी उरते, ती टाकू नका. राहिलेल्या २४ बाय ४८ च्या तुकड्यातून साडेसेहेचाळीस बाय २२ चा तळ काढा.

दुसरा पत्रा लांबीने चिरा: २२ इंचांच्या दोन पट्ट्या आणि साडेतीन इंचांची एक. एका पट्टीतून साडेसत्तर इंचांचा मधला उभा पडदा आणि पावणेतेवीस इंचांची एक फळी निघते. दुसरीतून साडेसेहेचाळीस इंचांचे दोन तुकडे काढा. त्यांतला एक वरचा माथा, दुसऱ्याच्या दोन फळ्या. साडेतीन इंचांच्या पट्ट्यांतून साडेसेहेचाळीस इंचांच्या एकूण तीन आडव्या पट्ट्या निघतात.

या तीन पट्ट्या म्हणजे कपाटाची पाठ. वर, मध्ये आणि खाली त्या आडव्या लावल्या की कपाट डुलत नाही, गुण्यात राहते आणि मधली जागा मोकळी राहते. पूर्ण पाठ लावायचीच नाही. ही गोष्ट सुतारांना पटत नाही. त्यांच्या लेखी पाठीशिवाय कपाट अपुरे. आपण स्वतःच करतोय याचा हा एक फायदा. सर्वांत मोठा तुकडा ६ फूट बाय २२ इंचांचा, वजन १० ते १४ किलो. एक माणूस तो सहज उचलून आणतो.

फळ्या वर आल्या की लगेच जोडायला घेऊ नका. मध्ये काड्या घालून, हवा लागेल अशा रचून चार दिवस खोलीतच ठेवा. मग प्रत्येक तुकड्याला सहाही बाजूंनी प्रायमर आणि तेलरंग किंवा वॉर्निश द्या. दिसणारी बाजू चकचकीत करून कापलेली कड कोरी ठेवणे ही नेहमीची चूक. पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरते, म्हणून कडेला दोन हात जास्त द्या.

जोडणी सोपी. कडेला आधी ३ मिलिमीटरचे भोक, मग पाण्याला टिकणारा गोंद, मग ५० मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा स्क्रू. दर आठ इंचांवर एक. साधे लोखंडी स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात लाकडात काळे डाग सोडतात. गुण्या लावून कोपरा तपासा. कर्णाची दोन्ही मापे सारखी आली की समजा चौकट सरळ आहे. डाव्या खणात कपडे टांगायची दांडी, तिच्याखाली चाळीस-बेचाळीस इंच मोकळे ठेवा. उजव्या खणात तीन फळ्या. फळ्यांना पाऊण इंचाची आठ-दहा भोके पाडा, म्हणजे खालची हवा वर जाते.

दारे प्लायची करू नका. लाकडी चौकटीत आडव्या तिरक्या पट्ट्या बसवा, किंवा वेताची जाळी. ते जमणार नसेल तर दाराच्या खालच्या आणि वरच्या कडेला हातभर लांबीची जाळी तरी हवीच. खालून गार हवा शिरते, वरून ओलसर हवा निघते. बिजागऱ्या पितळी किंवा स्टेनलेस, दर दाराला तीन. कडी खाली दाबून फिरवायची घ्या. माथेरानचे माकड लोहचुंबकाचे कॅचर क्षणात उघडते. त्याच माकडासाठी खिडकीला मजबूत जाळी लावा, नाहीतर हवेसाठी खिडकी कधीच उघडी ठेवता येणार नाही.

कपाट चार इंचांच्या पायांवर उभे करा. पाय पीव्हीसीचे किंवा दगडी ठोकळ्यांचे. लाकूड फरशीला टेकू नये. भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा आणि शक्य तर बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या भिंतीला लावा. पुढे झुकू नये म्हणून माथ्याला एक पट्टी भिंतीशी जखडा. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून सांध्यात न घालता दगडात लांब रावळप्लग घाला. पायांशी टॉर्च मारून महिन्यातून एकदा मातीच्या नळ्या शोधा. वाळवी त्या वाटेने येते. नळी दिसली तर मोडून टाकू नका, आधी कीटकनाशकवाल्याला दाखवा. नुसती मोडली तर ती दुसरीकडून येईल आणि तुम्हाला कळणारही नाही.

जुने फडताळ

जुन्या बंगल्यांत भिंतीच्या पोटात कोरलेले फडताळ असते. ते पाडू नका, पण त्यात कापड ठेवू नका. बाहेरच्या भिंतीतले फडताळ बाकी खोलीपेक्षा गार असते. खोलीतली दमट हवा आत गेली की गार दगडावर घाम धरते. आतून चुना द्या, दगडाला उभ्या दोन रिपा ठोका आणि फळ्या रिपांवर टेकवा, म्हणजे मागे बोटभर वाट राहते. दारावर नवी काच बसवायची हौस आवरा, जुनी जाळी धुऊन लावा. तांब्यापितळेची भांडी, काचेच्या बरण्या, औषधांची पेटी यांच्यासाठी ते उत्तम. पुस्तकांसाठी नाही.

पलंग आणि गादी

जागा वाचवायला लोक बॉक्सचा पलंग घेतात आणि त्यात हिवाळ्याच्या रजया भरतात. माथेरानात तो पलंग म्हणजे झाकण असलेली ओल. आपण रात्रभर घाम आणि श्वास सोडतो, तो गादीतून खाली उतरतो आणि बंद फळीवर थांबतो. पलंगाची फळी काढून तीन इंचांच्या पट्ट्या बोटभर अंतराने बसवा. खाली मोकळे ठेवा, झाडू सरकेल इतके. कापसाची गादी उन्हात टाकता येते, पण पाणी पकडते. काथ्याची गादी जास्त कोरडी राहते. कुठलीही असो, उघडीप पडेल त्या दिवशी उभी करून ठेवा.

पावसाळ्यातला रोजचा हात

दाट धुके असताना खिडक्या उघडल्या म्हणजे खोली वाळते हा गैरसमज. तेव्हा बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. खिडक्या बंद करून पंखा कमी वेगाने चालू ठेवा. वारा हलता असला की बुरशीला बसायला मिळत नाही. उघडीप पडली की मात्र सगळे उघडा, कपाटाची दारेही.

रेशमी साड्या, कोट, कागदपत्रे आणि फोटो यांच्यासाठी दुसरी रीत: घट्ट बंद. मे महिन्यात कडक उन्हाच्या दुपारी ते वाऱ्यावर ठेवा आणि सावलीत गार होऊ द्या. मग रबरी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करा. जुन्या काळी पत्र्याची ट्रंक आणि झाकणाला मेणकापड असे. डब्यावर तारीख लिहा आणि दसऱ्यापर्यंत उघडू नका. बघू जरा म्हणून उघडलेला डबा पुन्हा बंद होतो तो ओली हवा घेऊनच. सिलिका जेलचे केशरी दाणे हिरवट झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करा, पुन्हा वापरता येतात. ओल शोषणाऱ्या कॅल्शिअम क्लोराईडच्या डब्यांत खाली पाणी साठते. ते कपड्यावर सांडले तर डाग जात नाही, म्हणून तो डबा कायम तळाशी ठेवा. नॅप्थलीनच्या गोळ्या लहान बाळाच्या कपड्यांत ठेवू नका.

परवानगी आणि राडारोडा

खोलीच्या आत रंग, कपाट, पलंग हे तुमचे काम. भिंत पाडायची, खिडकी मोठी करायची, छत उचलायचे किंवा व्हरांडा बंद करायचा असेल तर आधी नगरपरिषदेत जाऊन विचारा. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि बाहेरून दिसणाऱ्या बदलांना इथे वेगळे नियम लागतात. जुनी भिंत भार घेते का, हे इंजिनिअरने सांगायचे. अंगणातले वाळलेले जांभळाचे झाड कपाटाला कामी येईल, हा विचारही परवानगीशिवाय मनात आणू नका.

काढलेला गिलावा, फुटक्या फरश्या, रंगाचे डबे दरीच्या कडेला टाकायची वाट मोहक असते; कुणी पाहत नाही. पुढच्या पावसात तीच माती खालच्या वाटेवर येते. चुन्याचा चांगला गिलावा चाळून अंगणातल्या खड्ड्यात भरता येतो. बाकी पोत्यांत बांधा, दस्तुरीहून खाली पाठवा आणि त्याचे भाडे पहिल्याच दिवशी खर्चात धरा.

आता करवतीला हात लावण्याआधीचे एकच काम राहिले. येत्या जुलैत, पाऊस सगळ्यात जोरात असेल त्या दिवशी, वही-पेन्सिल घेऊन त्या खोलीत अर्धा तास बसा. कुठे थेंब पडतो, कुठली भिंत घामेजते, वारा कुठून येतो ते लिहा. पहिली फळी त्या वहीवरून कापा.